वहीचा धंदा कुरडईसारखा करा



मागच्या व्हिडिओत आपण हाताने शिवलेली ए-फाइव्ह डायरी कशी बनवायची ते बघितलं. त्यानंतर सगळ्यात जास्त वेळा एकच प्रश्न आला, "मॅडम, शिकता तर येईल, पण आपल्या बीडमध्ये हे चालेल का?" शिलाई दाखवायला बारा मिनिटं पुरली. या प्रश्नाचं उत्तर मात्र बारा मिनिटांत बसत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितेय.

सुरुवात माझ्या स्वतःच्या तोट्यापासून करते.

२०१७ साली अंबाजोगाईत माझं स्टेशनरी आणि गिफ्टचं दुकान सुरू होऊन दुसरं वर्ष होतं. बीबीए झालेलं, त्यामुळे मार्केटिंग वगैरे सगळं आपल्याला येतं असा समज. दिवाळीत वाटायला १५० डायऱ्यांची ऑर्डर मिळाली. मी खूश. श्रावणात काम काढलं. मैद्याची खळ केली, पुठ्ठ्यावर हातकागद चिकटवला, दोन दिवस वजनाखाली ठेवला आणि छान दिसावं म्हणून एकेक डायरी प्लास्टिकच्या पिशवीत भरून कपाटात रचली. बारा दिवसांनी कपाट उघडलं तर आधी वासच आला. पुठ्ठे पापडासारखे वाकलेले, कडेला काळी-हिरवी बुरशी. ६४ डायऱ्या बाद झाल्या. त्या वेळच्या हिशोबाने साडेचार हजारांच्या आसपास फटका, आणि ऑर्डर देणाऱ्यासमोर खाली गेलेली मान वेगळीच.

सासूबाई शेजारी बसून तांदूळ निवडत होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "अगं, श्रावणात कुरडया घालतं का कुणी?"

कॉलेजच्या तीन वर्षांत जे डोक्यात शिरलं नव्हतं, ते त्या एका वाक्यात शिरलं.

तुमच्या घरात प्लॅनिंग आधीपासूनच आहे

बघा, आपल्याकडे एप्रिल-मे आला की गच्चीवर साड्या अंथरल्या जातात. कुरडया, पापड, शेवया, सांडगे. कुणाला किती द्यायचं, पुढच्या उन्हाळ्यापर्यंत किती लागेल, कुठल्या डब्यात भरायचं, हे घरातल्या बायकांना पाठ असतं. माल एका ऋतूत करायचा आणि वर्षभर वापरायचा. कंपन्या यालाच प्रॉडक्शन प्लॅनिंग म्हणतात आणि त्यासाठी पगारी माणूस ठेवतात.

वहीचा धंदा अगदी असाच आहे. खळ म्हणजे पाणी आणि पीठ. ती ज्या हवेत लवकर सुकते, त्याच हवेत चिकटवण्याचं काम करायचं. मी आता क्लासमध्ये पहिल्याच दिवशी एक ओळ लिहून घेते: उन्हाळ्यात चिकटवा, पावसाळ्यात शिवा, हिवाळ्यात विका.

घरचं वर्ष आणि बाजाराचं वर्ष

एका कागदावर दोन रांगा आखा. एका रांगेत घरचं काम, दुसऱ्या रांगेत बाजार. आपल्या जिल्ह्यात साधारण असं दिसेल:

- मार्च ते मे: ऊसतोडीला गेलेली घरं परत येतात. शेतात काम कमी, हवा कोरडी. पुठ्ठे कापणं, कव्हर चिकटवणं, अस्तराचा कागद लावणं, सगळं आत्ताच. पण सुकवायचं सावलीत आणि वजनाखाली. आपल्या उन्हात उघडा ठेवलेला पुठ्ठा तासाभरात वाकतो. विक्रीला लग्नसराई असते, आहेराची पाकिटं चालतात.
- जून ते सप्टेंबर: पेरणी, मग खुरपणी. दिवस शेतात जातो. संध्याकाळचा एक तास मिळाला तर फक्त शिलाई करा. खळ बंद. नुसत्या दोऱ्याने शिवलेल्या, मऊ कव्हरच्या वह्या या दिवसांत करता येतात. तयार माल प्लास्टिकमध्ये कोंडू नका. जुन्या पोथ्या कापडात बांधून ठेवत, तसं सुती कापडात गुंडाळून जमिनीपासून वर ठेवा.
- ऑक्टोबर-नोव्हेंबर: सोयाबीनची काढणी, कापसाची वेचणी आणि दिवाळीच्या ऑर्डरी एकाच वेळी अंगावर येतात. नवे लोक इथेच अडकतात. या दिवसांत नवीन माल करायचाच नाही, तयार माल विकायचा. लक्ष्मीपूजनाला नवी वही पुजणारे व्यापारी अजून आहेत. त्यांच्याकडे दसऱ्याच्या आधी जा.
- डिसेंबर ते फेब्रुवारी: नव्या वर्षाच्या डायऱ्या आणि त्यानंतर संक्रांतीचं वाण. हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालतं. प्लास्टिकचा डबा देण्यापेक्षा हातात मावेल अशी छोटी वही दिली तर ती वर्षभर पर्समध्ये राहते. माझ्या दुकानात वाणाच्या वह्या डायऱ्यांपेक्षा लवकर संपतात.

कागद बनवायचा की विकत घ्यायचा?

कागद आणि लेखन आपल्या भागाला नवीन नाही. याच अंबाजोगाईत दासोपंतांची पासोडी आहे. सोळाव्या-सतराव्या शतकातल्या या संतकवीने पंचीकरणासारखा विषय कापडावर लिहून काढला. कापड सुमारे चाळीस फूट लांब. त्यांना रोज एक ढबू पैशाची शाई लागायची, असं आपल्याकडे सांगतात. दौलताबाद-खुलताबादच्या बाजूला कागजीपुरा गाव आहे. महंमद तुघलकाने चौदाव्या शतकात राजधानी दौलताबादला आणली त्या काळाशी तिथल्या कागद बनवण्याच्या परंपरेचं नातं सांगितलं जातं. पुण्यात १९४० साली गांधीजींच्या प्रेरणेने के. बी. जोशी यांनी हातकागद संस्था सुरू केली.

हे वाचून काही जण लगेच म्हणतात, "आपल्याकडे कापूस पिकतो, मग कागदच बनवू!" थांबा. हातकागद मुख्यतः सुती कापडाच्या कातरणांतून होतो. कातरण बारीक करायचं, बीटर मशीनमध्ये पाण्याबरोबर कुटून लगदा करायचा, जाळीच्या साच्याने एकेक ताव उचलायचा, कापडावर उलटा टाकायचा, दाबून पाणी काढायचं, दोरीवर वाळवायचं. शाई फुटू नये म्हणून खळीसारखा थर द्यायचा आणि शेवटी दाबून गुळगुळीत करायचं. मशीन, जागा आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे भरपूर पाणी लागतं. उन्हाळ्यात आपल्याकडे टँकरची वाट बघावी लागते. ज्या महिन्यांत सुकवायला हवा चांगली, नेमकं त्याच महिन्यांत पाणी नाही.

म्हणून माझा सल्ला असा: कागद विकत घ्या आणि तुमचा हात बाइंडिंगला लावा. जयपूरजवळचं सांगानेर हातकागदाचं मोठं केंद्र आहे, तिथला माल पुण्या-मुंबईच्या कागद बाजारात मिळतो. आधी नमुन्याचे दहा ताव मागवा, त्यावर पेन चालवून बघा, मगच गठ्ठा घ्या.

पहिल्या वर्षी सगळे करतात त्या दोन चुका

एक, ग्रेन. कागदातले तंतू एका दिशेने असतात. ते वहीच्या पाठीला समांतर नसतील तर वही नीट उघडत नाही आणि पानं लाटांसारखी होतात. दुकानातला ए-फोर कागद बहुतेक वेळा लांबीच्या दिशेने ग्रेन असलेला असतो. तो मधून दुमडून ए-फाइव्ह केला की ग्रेन आडवा जातो. उपाय सोपा आहे. तसाच लांब ग्रेनचा ए-थ्री कागद घ्या, मधून कापून ए-फोर करा आणि मग दुमडा. ग्रेन उभा येतो. ओळखायचं कसं? कागद न मोडता दोन्ही दिशांनी हलकेच वाकवून बघा. ज्या दिशेने सहज वाकतो, ती घडी ग्रेनला समांतर असते.

दोन, खळ. किडे लागू नयेत म्हणून जुने बाइंडर खळीत चिमूटभर मोरचूद घालतात. उपयोग होतो, पण ते विष आहे. स्वयंपाकाचं भांडं वापरू नका, पोरांच्या हाताला लागेल तिथे ठेवू नका. वाणाच्या छोट्या वह्या लहान मुलांच्या हातात जातात, त्यामुळे त्यांत मी मोरचूद वापरतच नाही. ताजी खळ करते आणि दोन दिवसांत संपवते.

आता हिशोब

हे माझ्या दुकानातले आकडे आहेत. तुमच्याकडे भाव वेगळे असतील, रांगा मात्र याच ठेवा. १६० पानांची ए-फाइव्ह डायरी:

- आतला कागद (ए-फोरचे ४० ताव): २३ रुपये
- कव्हरचा हातकागद (२२ बाय ३० इंची तावात चार कव्हरं): ९ रुपये
- पुठ्ठा: १० रुपये
- दोरा, खळ, अस्तर, रिबन: ८ रुपये
- खराबी: ४ रुपये
- मजुरी: ३० रुपये
- भाडं, वीज, ये-जा: ११ रुपये

एकूण ९५ रुपये. दुकानदाराला १३० ला द्या, तो गिऱ्हाइकाला १६० ला विकेल.

आता तुम्ही म्हणाल, "मजुरी कशाला धरायची, घरचंच तर काम आहे." हीच सगळ्यात महाग चूक. मजुरी धरली नाही की आपण डायरी ८० रुपयांना विकतो आणि फायदा झाला म्हणून पेढे वाटतो. खरं तर आपण आपलेच तास फुकट वाटलेले असतात.

"ताई, यंदा कोयता सोडू का?"

माझ्या क्लासला आलेल्या एका ताईंची गोष्ट त्यांना विचारूनच सांगतेय, नाव सांगणार नाही. नवरा-बायको दोघं ऊसतोडीला जायचे, म्हणजे पूर्ण कोयता. पाडव्याच्या सुमारास परत आल्या आणि बाइंडिंग शिकल्या. बचत गटातून दहा हजार उचलून उन्हाळ्यात २०० डायऱ्या केल्या. हात इतका साफ की माझ्याही पुढे. दसऱ्याच्या आधी मुकादम उचल द्यायला आला तेव्हा त्यांनी मला विचारलं, "ताई, यंदा कोयता सोडू का?"

ट्रेनर म्हणून "हो, स्वतःवर विश्वास ठेवा" असं म्हणणं फार सोपं होतं. टाळ्याही मिळाल्या असत्या. पण आम्ही वही उघडली. २०० डायऱ्यांचा माल १०,८०० रुपयांचा. सगळ्या विकल्या जाणार नाहीत, १४० धरू. १३० ने १८,२०० रुपये. माल वजा, ये-जा आणि किरकोळ १,५०० वजा. हातात ५,९००. वर ६० डायऱ्या शिल्लक. एवढ्यावर घर चालत नाही. मी म्हणाले, "यंदा नाही." त्या बराच वेळ गप्प बसल्या. मलाही रात्री नीट झोप लागली नाही.

त्या वर्षी त्या गेल्या. माल माझ्या दुकानात ठेवला आणि संक्रांतीपर्यंत खरंच १४० च्या आसपास डायऱ्या गेल्या. दुसऱ्या उन्हाळ्यात त्यांनी जावेला बरोबर घेतलं. ४०० डायऱ्या आणि वाणाच्या ६०० छोट्या वह्या. ३३० डायऱ्या गेल्या, वह्या सगळ्या संपल्या. खर्च जाऊन हातात साधारण सत्तावीस हजार. पूर्ण कोयत्याच्या उचलीपुढे हे अजूनही कमीच आहे. पण मुलगी दहावीला होती. त्या वर्षी नवऱ्याने अर्धा कोयता घेतला आणि ताई मुलीजवळ घरी राहिल्या.

हे यश आहे की नाही, तुम्ही ठरवा. मी एवढंच म्हणेन, निर्णय त्यांनी आकडे समोर ठेवून घेतला.

योजना आणि कर्ज, थोडक्यात

उद्यम नोंदणी ऑनलाइन आहे आणि मोफत आहे. त्यासाठी कुणी पैसे मागितले तर देऊ नका. पीएम विश्वकर्मा योजनेत १८ कारागिरी आहेत, पण त्यात बाइंडिंग नाही, त्यामुळे त्या आशेवर थांबू नका. पीएमईजीपीमध्ये ग्रामीण भागातल्या महिलांना प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्क्यांपर्यंत अनुदानाची तरतूद आहे. अर्ज करण्याआधी चालू नियम जिल्हा उद्योग केंद्रात विचारा. पण पहिल्या वर्षी मोठं कर्ज नकोच. एक उन्हाळा, एक पावसाळा, एक संक्रांत स्वतःच्या डोळ्यांनी बघा, मग बँकेत जा.

आजचं काम

आज संध्याकाळी घरातल्या मोठ्या बाईजवळ बसा आणि विचारा, "आपल्या घरात कुठल्या महिन्यात कुणाला किती वेळ असतो?" त्या सांगतील ते बारा ओळींत लिहा. शेजारी बाजाराचे बारा महिने लिहा. ज्या महिन्यात दोन्ही बाजूंना गर्दी दिसेल त्याला लाल गोल करा. त्या महिन्याचा माल कधी तयार करायचा, हे तिथेच ठरवून टाका. सुई-दोरा त्यानंतर आणा.

पुढच्या व्हिडिओत वाणाची छोटी वही, एका तावात सोळा. भेटू या!