कॉम्प्युटरचं घड्याळ भरकटतं तेव्हा…

कामठीत उन्हात काठी रोवा. तिची सावली सर्वांत आखूड होते तेव्हा वर्षाच्या सरासरीनं घड्याळात १२ वाजून १३ मिनिटं झालेली असतात! भारताची प्रमाणवेळ पूर्वेकडच्या ८२.५ अंश रेखावृत्ताची ना! ही चूक नव्हे, १९०६ पासूनची सोय.

खरी चूक होते कॉम्प्युटरच्या घड्याळात. त्यातला क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो; पण गरमी-थंडीनं त्याचा ताल बिघडतो. दिवसाला एक सेकंद चुकला, तर महिन्यात अर्धा मिनिट! त्यात काय एवढं? अहो, दोन सर्व्हरांची घड्याळं जुळली नाहीत, तर नोंदीत उत्तर आधी अन् प्रश्न नंतर दिसतो. मग बिघाड शोधणार कसा?

म्हणून सर्व्हर अधूनमधून दुसऱ्या, अचूक घड्याळाच्या सर्व्हरला वेळ विचारतो. निरोपाच्या जाण्यायेण्यात गेलेल्या वेळेचा निम्मा भाग उत्तरात मिळवतो. स्वतः थोडा पुढे असला, तर काटे मागे फिरवत नाही. चाल किंचित मंद करतो. किती शहाणपण!

घरचा कॉम्प्युटर बंद करून सुरू केला की वर्षानुवर्षं मागे जातो? आतली नाण्याएवढी बॅटरी संपली असेल. फरक बरोब्बर साडेपाच तासांचा असेल, तर मात्र बिचाऱ्या घड्याळाला बोल लावू नका. ते बहुधा ग्रीनिचची वेळ दाखवतंय. सेटिंगमध्ये भारत निवडा.