पाऊस म्हणजे ‘खराब आकाश’?

पोलिशमध्ये देश्च, चेकमध्ये देश्त्य, युक्रेनियनमध्ये दोश्च, रशियनमध्ये दोश्त्य. अर्थ एकच, पाऊस. एवढं साम्य योगायोगानं येत नाही. म्हणूनच भाषातज्ज्ञांनी या सगळ्यांचा पूर्वज शोधून काढलाय: आद्य-स्लाव्हिक भाषेतला, साधारण ‘दुझ्जि’ असा काहीसा उच्चार असलेला शब्द. ही भाषा दीड हजार वर्षांपूर्वीची, आणि स्लाव्ह लोक लिहायला लागले ते नवव्या शतकात. त्यामुळे हा शब्द लिहिलेला कुठेच मिळत नाही, जुळवावा लागतो. पुरावे कुठून येतात बघा! पोलिश ‘देश्च’मध्ये आज ‘ज’ ऐकू येत नाही, पण गांडुळाला तिथे ‘ज्जोव्नित्सा’ म्हणतात. म्हणजे ‘पाऊसवाली’. जुना ‘ज’ गांडुळानं जपलाय.

पण मग ‘दुझ्जि’ तरी आला कुठून? खरी गंमत इथे आहे. निकोलाय त्रुबेत्स्कॉय या रशियन भाषातज्ज्ञाचं म्हणणं, हा जोडशब्द आहे. ‘दुस्’ म्हणजे वाईट आणि ‘द्यु’ म्हणजे आकाश किंवा दिवस. खराब आकाश! ओळखीचं वाटतंय ना? वाटणारच, कारण संस्कृत आणि स्लाव्हिक एकाच मोठ्या भाषाकुळातल्या. मराठीत ‘दुर्दिन’ म्हणजे वाईट दिवस, पण संस्कृतात त्याचा अर्थ थेट हवामानाचा. ‘अमरकोशा’त तो ढगांनी झाकलेला दिवस आहे. उलट ग्रीकमध्ये ‘एउदिआ’ म्हणजे छान, निवळलेली हवा.

सगळ्यांना हे पटलेलं नाही. दुसरा गट नॉर्वेजियन ‘दुस्करेग्न’कडे बोट दाखवतो, म्हणजे भुरभुर पाऊस. तसं असेल तर आकाशाचा संबंधच संपला. शिवाय शेतकरी माणूस पावसाला वाईट का म्हणेल? आपल्याकडे नाहीच म्हणणार. पण पूर्व युरोपच्या थंड, ओल्या हवेत कापलेलं गवत वाळत घातलंय आणि वर आभाळ भरून आलंय, तर? मला तरी त्रुबेत्स्कॉयच जास्त पटतात.

धो धो पावसासाठी मात्र एवढं डोकं खाजवावं लागत नाही. रशियन ‘लीवेन्य’ आणि पोलिश ‘उलेवा’ हे दोन्ही शब्द सरळ ‘ओतणे’ या क्रियापदावरून आलेत. शेजारच्या लिथुआनियनमध्ये तर त्याच धातूपासून झालेला ‘लिएतुस’ म्हणजे कुठलाही पाऊस, अगदी रिमझिमसुद्धा.