दोराऐवजी दांडा

गतवर्षी मे महिन्यात दोनापावलाच्या किनाऱ्याकडे परतताना मी होडीचे शीड उतरवीत होतो. शिडाखालचा आडवा दांडा, म्हणजे बूम, तोलून धरणारा दोर तुटला आणि बूम माझ्या भूलतज्ज्ञ मित्राच्या खांद्यावर आदळला. हाड वाचले, माझी झोप मात्र उडाली. दोर झिजल्याचे मला ठाऊक होते.

पावसाळ्यात होडी किनाऱ्यावर असताना मी ताठ दांड्याचा बूम व्हँग बसविला. डोलकाठीच्या पायथ्यापासून बूमकडे तिरकस जाणाऱ्या, एकीत एक सरकणाऱ्या या दोन नळ्या. आतील स्प्रिंग बूमला खालून आधार देते. दोर-कप्पी त्याला खाली ओढते. कोन शक्यतो ४५ अंशांच्या जवळपास असावा. भोके पाडण्यापूर्वी बूमच्या सर्वांत वरच्या व खालच्या स्थितीत अंतर मोजले. पायथ्याची खीळ बूमच्या बिजागरीच्या बरोबर खाली, एका उभ्या रेषेत घेतली. खाऱ्या हवेत पोलादाच्या संगतीने अॅल्युमिनियम झिजते, म्हणून दोहोंमध्ये नायलॉनची चकती घातली.

‘लक्षण दिसताच या,’ असे आपण रुग्णांना बजावतो. मी स्वतः मात्र अपघाताची वाट पाहिली.

पावसाळ्यानंतरच्या पहिल्या फेरीला तोच मित्र आला. शीड उतरले, बूम जागीच राहिला.