पिवळा दिवा लागला की थांबा

जबलपूर हे लोखंडावर जगणारं शहर. गन कॅरेज फॅक्टरी १९०४ची, व्हेईकल फॅक्टरी १९६९ची. जर्मन परवान्यावरचा लष्करी शक्तिमान ट्रक १९५९पासून जबलपुरातच बनू लागला. रिछाई आणि अधारतालच्या औद्योगिक वसाहतीही इथल्याच. अशा शहरात सर्वांत जास्त राबणारं आणि सर्वांत कमी कौतुक वाट्याला येणारं यंत्र म्हणजे वेल्डिंग मशीन.

रॉड जॉबला टेकवणं म्हणजे मुद्दाम घडवलेला शॉर्टसर्किटच. घरच्या वायरिंगमध्ये असं झालं तर फ्यूज उडतो. हे मशीन मात्र दिवसभर ते सोसतं. जुन्या ट्रान्सफॉर्मरमध्ये ही सोय बांधणीतच असते: करंट वाढला की व्होल्टेज आपोआप पडतं, म्हणून रॉड चिकटला तरी करंट हाताबाहेर जात नाही. इन्व्हर्टर मशीनमध्ये हेच काम सर्किट करतं. रॉड चिकटल्याचं ओळखून ते करंट उतरवतं. सप्लाय फार चढला किंवा पडला तर मशीन थांबवतं.

उष्णता मात्र हळूहळू साठते. करंट दुप्पट झाला की वाइंडिंगमधली उष्णता चौपट होते. मशीनच्या प्लेटवर ४०० अँपिअर, ६० टक्के असं लिहिलेलं असेल, तर दहा मिनिटांत सहा मिनिटं वेल्डिंग आणि चार मिनिटं विसावा. सलग चालवायचं असेल तर साधारण ३१० अँपिअरच घ्यायचे. हा हिशेब बाहेरची हवा ४० अंश धरून केलेला असतो. जबलपूरच्या मे महिन्यात सावलीतच पारा त्यावर जातो, पत्र्याच्या शेडखाली तर विचारायलाच नको. त्या दिवसांत प्लेटवरच्या टक्क्यांवर विसंबू नये, विसावा वाढवावा.

वाइंडिंगला किंवा हीट सिंकला चिकटून नाण्याएवढा थर्मोस्टॅट बसवलेला असतो. त्याच्या आत दोन धातूंची, किंचित फुगीर चकती असते. ठरलेलं तापमान आलं की ती खट्कन उलटी वळते, संपर्क तुटतो, पिवळा दिवा लागतो. निवल्यावर ती आपोआप पूर्ववत होते. कित्येक इन्व्हर्टरमध्ये चकतीऐवजी सेन्सर असतो, पण काम तेच.

काम खोळंबतं म्हणून याच थर्मोस्टॅटला जंपर टाकून तो बायपास करतात, आणि मला याचा मनापासून संताप येतो. इन्सुलेशन मर्यादेपलीकडे तापलं की त्याचं आयुष्य, ढोबळ नियमाने, दर दहा अंशांना निम्मं होतं. मग वाइंडिंग जळतं किंवा इन्व्हर्टरमधला पॉवर ट्रान्झिस्टर (आयजीबीटी) उडतो, आणि दुरुस्तीचा खर्च वाचवलेल्या वेळेच्या कितीतरी पट होतो. मशीन वारंवार ट्रिप होत असेल, तर जाळीत साठलेली ग्राइंडिंगची धूळ, अडकलेला पंखा आणि ढिले लग आधी तपासा. आणि पिवळा दिवा लागला की मेन स्विच बंद करू नका. वेल्डिंग थांबवा, पंखा फिरत राहू द्या, दिवा विझल्यावरच पुढचा रॉड लावा.