एक नोव्हेंबरचा शब्द

१ नोव्हेंबर ही तारीख बेळगावात कुणाला समजावून सांगावी लागत नाही. १९५६ साली याच दिवशी राज्यांची फेररचना झाली. तेव्हापासून कुठे राज्योत्सवाची मिरवणूक निघते, तर कुठे काळा दिवस पाळला जातो. वडील मराठी आणि आई कन्नड अशा घरात त्या दिवशी टीव्हीचा आवाजही जरा बेतानेच ठेवतात. अलीकडे मात्र आपल्यातल्या काही घरांत या तारखेवर आणखी एका कारणाने खूण केलेली दिसते. अमेरिकेतल्या नामवंत विद्यापीठांत बारावीनंतर थेट पदवीला जायचे, तर लवकरच्या अर्जाची मुदत बहुतेक ठिकाणी याच दिवशी संपते.

आमच्या नात्यातल्या एका घरात दोन वर्षांपूर्वी याच तारखेवरून महिनाभर खल चालला होता. मुलगी सेकंड पीयूसीला, हुशार. एका विद्यापीठावर तिचे मन बसले होते. वडील म्हणाले, "खानापूरकडचे भाताचे शेत काढू. मदतीच्या रकान्यात 'नको' लिही. मदत मागितली तर घेत नाहीत म्हणे." आई गप्प होती. धारवाडहून आलेल्या अज्जीने मात्र एकच प्रश्न विचारला, "ते लोक काय लिहून घेतात?"

अज्जीच्या या प्रश्नापासूनच सगळ्या पालकांनी सुरुवात करावी.

लिहून काय घेतात?

लवकरच्या अर्जाचे मुख्य प्रकार तीन. पहिला 'अर्ली डिसिजन'. हा बांधील अर्ज. तो एकाच ठिकाणी करता येतो. विद्यार्थी, पालक आणि शाळेचा समुपदेशक अशा तिघांच्या सह्या त्यावर असतात. आपल्या पीयू कॉलेजांत समुपदेशक सहसा नसतो, म्हणून ही सही प्राचार्यांकडे मागावी लागते. डिसेंबरच्या मध्याला होकार आला, की बाकीचे सगळे अर्ज मागे घ्यायचे आणि तिथेच जायचे. कोलंबिया, ब्राऊन, कॉर्नेल, डार्टमथ, पेनसिल्व्हेनिया, ड्यूक ही या पद्धतीची विद्यापीठे. काही ठिकाणी जानेवारीत बांधील अर्जाची दुसरी फेरीही असते. तिचा निकाल फेब्रुवारीच्या मध्याला लागतो.

दुसरा प्रकार 'अर्ली अ‍ॅक्शन'. उत्तर लवकर मिळते, पण जाण्याचे बंधन नाही. एमआयटीत ही पद्धत आहे. तिसरा प्रकार या दोहोंच्या मधला. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन व स्टॅनफर्ड येथे होकार आला तरी जाण्याचे बंधन नाही, पण अमेरिकेतल्या दुसऱ्या खासगी विद्यापीठात त्याच वेळी लवकरचा अर्ज करता येत नाही. नेमक्या सवलती प्रत्येकाच्या नियमांत वाचून घ्याव्यात.

हे नियमही स्थिर राहिलेले नाहीत. येल आणि स्टॅनफर्डने बांधील पद्धत सोडण्याचा निर्णय २००२ साली जाहीर केला. हार्वर्ड व प्रिन्स्टनने २००६ मध्ये लवकरचे प्रवेशच बंद करत असल्याचे सांगितले. सधन घरांतल्या मुलांनाच त्याचा जास्त फायदा होतो, हे कारण दिले. २०११ मध्ये दोघांनीही ते पुन्हा सुरू केले. म्हणून शेजारच्या मुलाच्या वेळचा नियम आपल्या वेळी असेलच असे धरून चालू नये.

फायदा खरा, पण किती?

लवकर अर्ज करणाऱ्यांत निवडीचे प्रमाण जास्त दिसते, हे खरे. ख्रिस्तोफर एव्हरी, अँड्र्यू फेअरबँक्स आणि रिचर्ड झेकहाउझर यांनी २००३ साली या विषयावर पुस्तकच लिहिले. लवकरच्या अर्जाचा फायदा तेव्हाच्या १६०० गुणांच्या एसएटीत सुमारे १०० गुण जास्त मिळवण्याइतका असतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. पण आकडा वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. या फेरीत विद्यापीठाने खेळासाठी आधीच हेरलेली मुले असतात आणि अनेक ठिकाणी माजी विद्यार्थ्यांची मुलेही. त्यामुळे नुसते टक्के पाहून आपल्या मुलीची शक्यता दुप्पट झाली, असे समजू नये.

बांधील पद्धतीत विद्यापीठाचाही फायदा आहेच. येणार हे नक्की असलेला विद्यार्थी त्यांना हवा असतो. आपण त्यांना खात्री देतो, आणि तिच्या बदल्यात चार पत्रे समोर ठेवून तुलना करण्याचा हक्क सोडतो.

खरी मेख पैशाची

नामवंत खासगी विद्यापीठांत फी, राहणे, जेवण धरून वर्षाचा खर्च आज ९० हजार डॉलरच्या घरात जातो. म्हणजे वर्षाला पाऊण कोटी रुपयांहून जास्त, चार वर्षांचे तीन कोटींच्या वर. दोन एकर भाताच्या शेताने एवढे अंतर कापले जात नाही.

वडिलांनी ऐकलेली गोष्ट अर्धी खरी होती. बऱ्याच विद्यापीठांत परदेशी विद्यार्थ्याने मदत मागितली, तर निवडीच्या वेळी ती बाब विचारात घेतात. कोलंबिया, कॉर्नेल, पेनसिल्व्हेनिया येथे भारतीय मुलांच्या बाबतीत असेच आहे. पण हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट येथे परदेशी विद्यार्थ्याचीही ऐपत निवडीच्या आड येत नाही, आणि निवड झाल्यावर हिशेबाने ठरलेली पूर्ण गरज भागवली जाते. डार्टमथने २०२२ पासून हेच धोरण घेतले. यांपैकी डार्टमथ व अ‍ॅमहर्स्ट येथे बांधील अर्जाची सोय आहे.

राहिलेले अर्धे असे. प्रवेशाच्या वेळी 'मदत नको' लिहिले, तर परदेशी विद्यार्थ्याला पुढे मदत मागता येत नाही, असा अनेक ठिकाणी नियम आहे. म्हणजे पहिले वर्ष शेतावर काढले, तरी दुसऱ्या वर्षी दार बंद. बांधील होकारातून सुटण्याचे सर्वमान्य कारण एकच, मिळालेली मदत अपुरी पडणे. पण ज्याने मदत मागितलीच नाही, त्याने ते कारण कोणत्या तोंडाने सांगायचे?

म्हणून अर्जाआधी घरात बसून एका कागदावर वर्षाला किती देता येईल, तो आकडा लिहावा. कर्ज किती, कुणाच्या नावावर, धाकट्याच्या शिक्षणाचे काय, हेही लिहावे. शंका असेल तर विद्यापीठाच्या मदत विभागाला ईमेल करून लेखी उत्तर घ्यावे. कागदावरचा आकडा आणि विद्यापीठाचा नियम जुळत नसेल, तर कितीही मन बसले तरी तिथे बांधील अर्ज नको.

नोव्हेंबरपर्यंत मूल तयार आहे का?

आणखी एक प्रश्न पालक विसरतात. लवकरच्या अर्जात नववीपासून ऑक्टोबरपर्यंतचेच काम दिसते. फर्स्ट पीयूसीला गुण घसरले आणि आता सावरत असतील, तर जानेवारीचा नेहमीचा अर्ज बरा. कोविडच्या काळात बहुतेकांनी ऐच्छिक केलेली एसएटी एमआयटीने २०२२ मध्ये आणि डार्टमथने २०२४ मध्ये पुन्हा सक्तीची केल्याचे जाहीर केले. ती परीक्षा ऑक्टोबरपर्यंत उरकलेली हवी. निबंध ६५० शब्दांचा, पण तो लिहायला महिने लागतात. आणि नकाराची तयारी म्हणून सीईटी, कॉमेडके, जेईईचा अभ्यास थांबवू नये.

त्या घरात पुढे काय झाले? तिसऱ्या रात्री आईने कागदावर आकडा लिहिला आणि वडिलांसमोर सरकवला. अज्जी म्हणाली, "मातु कोट्ट मेले मुगीतु." शब्द दिला की संपले, म्हणून द्यायच्या आधी मोजा. वडील बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिले. मुलीने मन बसलेले विद्यापीठ सोडले. ऐपत आड येत नाही अशा ठिकाणी, मदतीच्या रकान्यात 'हवी' लिहून, तिने बांधील अर्ज केला.

डिसेंबरात नकार आला. नकार आला की दिलेल्या शब्दातूनही सुटका होते. दोन दिवस ती जेवायला नीट बसली नाही. तिसऱ्या दिवशी सीईटीची पुस्तके काढली. आज ती बेंगळुरूला शिकते आहे. पुढच्या शिक्षणासाठी अमेरिकेला जायचे तिने अजून सोडलेले नाही. तो कागद आईने कपाटात जपून ठेवला आहे. धाकटा यंदा एसएसएलसीला आहे.