दाबा, ओता, प्या!

काचेचा फ्रेंच प्रेस हातातून सुटला की संपला. स्टीलचा फुटत नाही, वर कॉफीही गरम ठेवतो. इथपर्यंत सगळं झक्कास! पण गरम कॉफी म्हणजे चांगली कॉफी का? इथे थोडा लोचा आहे...

मराठी घरातली कॉफी म्हणजे दुधात उकळलेली, वर जायफळ किसून घातलेली. पाहुणे आले की किंवा जागरण असलं की होणारी. मग हॉस्टेलवर भेटली ती कपात साखरेबरोबर फेटायची इन्स्टंट. आणि पहिला पगार झाल्यावर कॅफेतली कॅपुचिनो! एवढा प्रवास करून आलेल्या आपल्या पिढीच्या ओट्यावर आता फ्रेंच प्रेस दिसायला लागलाय. नाव फ्रेंच असलं, तरी त्याच्या आजच्या रूपाच्या जवळ जाणारं १९२९ चं पेटंट मिलानच्या आत्तिलिओ कालिमानी आणि जुलिओ मोनेता या जोडीचं आहे.

फंडा एकदम सोपा. भांड्यात जाडसर दळलेली कॉफी, त्यावर गरम पाणी, चार मिनिटं थांबायचं आणि जाळीचा दट्ट्या खाली दाबायचा. ना वीज, ना कागदी फिल्टर.

दोन भिंतींची गंमत

स्टीलच्या इन्सुलेटेड प्रेसला दोन भिंती असतात. चांगल्या प्रेसमध्ये या दोन भिंतींमधली हवा काढून टाकलेली असते. जेम्स ड्यूअर या शास्त्रज्ञाने १८९२ मध्ये बनवलेल्या फ्लास्कचं, म्हणजेच आपल्या थर्मासचं, तत्त्व इथेही तेच. मधे हवा नाही, त्यामुळे उष्णतेला बाहेर पडायला सोपी वाट नाही. स्वस्तातल्या प्रेसमध्ये मात्र मधे नुसती हवाच असते. ओळखायचं कसं? उकळतं पाणी भरा आणि पाच मिनिटांनी बाहेरून हात लावा. बाजू चांगली तापली असेल, तर तो ‘थर्मास’ नावापुरताच!

मी हा प्रेस घेतला त्यामागे एक घरगुती हिशेब होता. मी फ्रीलान्सर, सातला लिहायला बसते. नवऱ्याचे कॉल्स अमेरिकेच्या वेळेवर, त्यामुळे त्याची सकाळ साडेआठच्या आत उजाडत नाही. आठवडाभर आमची गाठ पडते ती फ्रिजवरच्या चिठ्ठ्यांतून. निदान एका भांड्यातली कॉफी तरी दोघांनी प्यावी, एवढीच माफक अपेक्षा!

मग मी मुद्दाम करून पाहिलं. सातला दट्ट्या दाबला, माझा कप ओतला, त्याचा तसाच प्रेसमध्ये ठेवला. साडेआठला कॉफी प्यायला पुरेशी गरम होती. चव? कडूजार! त्याने एक घोट घेतला आणि शांतपणे दूध शोधायला गेला.

कारण साधं आहे. दट्ट्या दाबला की चोथा तळाला जातो, पण पाण्यातून बाहेर जात नाही. कॉफी मुरत राहतेच, वेग कमी होतो इतकंच. काचेच्या भांड्यात पाणी लवकर निवतं, म्हणून हे मुरणंही मंदावतं. स्टीलमध्ये ते गरमागरम चालूच राहतं. ज्या गुणासाठी आपण जास्तीचे पैसे मोजले, तोच चवीच्या मुळावर उठतो.

म्हणून नियम एकच. दाबलं की सगळी कॉफी ओतून घ्या. दोघं समोर असाल तर दोन कपांत, नसाल तर दुसरा कप वेगळ्या थर्मासमध्ये. मग स्टीलचा उपयोग काय? आहे ना! मुरण्याच्या चार मिनिटांत पाणी निवत नाही, थंडीतही पहिला घोट कडक गरम मिळतो आणि घाईच्या सकाळी सिंकमध्ये आपटला तरी बिचारा टिकतो.

असं करून बघा

* आधी प्रेसमध्ये गरम पाणी फिरवून ओतून टाका. थंड स्टील पहिल्याच फटक्यात उष्णता खातं.
* दोन मोठ्या कपांना ३० ग्रॅम कॉफी, ४५० मिलिलिटर पाणी. स्टीलमधून आतलं दिसत नाही, म्हणून पाणी मोजूनच घाला.
* दळण जाड रव्यासारखं हवं. साउथ इंडियन फिल्टरची बारीक, चिकोरी घातलेली पावडर इथे नको, कपात गाळ उतरतो.
* पाणी उकळल्यावर अर्धा मिनिट थांबून ओता, एकदा ढवळा, झाकण ठेवा.
* चार मिनिटांनी हळूहळू दाबा. जोर लावलात तर गरम कॉफी तोटीतून हातावर उडेल.
* दूध प्रेसमध्ये कधीच नाही, कपात.
* जाळीचे भाग रोज सुटे करून साबणाने धुवा. अडकलेलं कॉफीचं तेल दुसऱ्या दिवशी खवट लागतं. चोथा सिंकमध्ये नको, पाइप तुंबतो.

बियांसाठी फार लांब जायला नको. चिकमगळूर आणि कूर्गची अरेबिका आहेच. आंबटपणा नको असेल तर पावसाळी वाऱ्यावर मुरवलेली मॉन्सून्ड मलबार घ्या, प्रेसमध्ये ती मस्त दाट लागते.

एक सूचना मात्र सिरियसली. धातूची जाळी कॉफीतलं कॅफेस्टॉल अडवत नाही, कागदी फिल्टर बरंचसं अडवतो. कॅफेस्टॉलमुळे वाईट कोलेस्टेरॉल वाढतं. रिपोर्टमध्ये आकडे आधीच चढे असतील, तर रोजच्या प्रेसआधी डॉक्टरांना विचारा.

बाकी दुकानात ‘तासन् तास गरम’ असं लेबल दिसलं की एवढंच लक्षात ठेवा, ती गॅरंटी तापमानाची आहे, चवीची नाही. चव टिकवायची तर दाबल्यावर लगेच ओता!