प्रेमकथा वाचून मुली ‘बिघडतात’ का? आधी प्रश्न नीट विचारूया

माझ्या पहिल्या प्रपोजलचं शीर्षक होतं, ‘प्रणयकथांचा किशोरवयीन मुलींच्या लैंगिक दृष्टिकोनावर होणारा परिणाम’. गाइड मॅडमनी ‘परिणाम’ या शब्दाभोवती गोल केला आणि विचारलं, “हा कुठे दिसला तुला?” मी म्हटलं, मोबाइलवरच्या मराठी प्रेमकथा बघा ना. श्रीमंत, रागीट हिरो, तो तिचा हात धरून ओढतो, ती रडते आणि वीसेक भागांनंतर त्याच्याच प्रेमात पडते. मॅडम म्हणाल्या, “हे गोष्टीत दिसलं. मुलींमध्ये कुठे दिसलं?”

पेट पास होऊन प्रपोजल लिहायला बसलेल्यांसाठी आजची पोस्ट याच एका प्रश्नावर आहे.

ही गफलत जुनी आहे. 1962 साली ‘रंभा’ मासिकाच्या दिवाळी अंकात चंद्रकांत काकोडकरांची ‘श्यामा’ ही कथा आली आणि तिच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. मॅजिस्ट्रेटने आरोपींना सोडलं, मुंबई हायकोर्टाने काकोडकरांना दोषी धरून 25 रुपये दंड केला, आणि 1969 मध्ये सुप्रीम कोर्टाने तो निर्णय फिरवला. निकालात किशोरवयीन वाचकांचा खास विचार आहे. कथेत लैंगिक उल्लेख आला म्हणून ती त्यांच्यासाठी अयोग्य ठरवली, तर त्यांना धार्मिक पुस्तकांशिवाय काही वाचताच येणार नाही, अशा अर्थाचं कोर्टाने म्हटलं. निकाल मला पटतो. पण संशोधक म्हणून बघा: या सगळ्या वादात तपासली गेली ती कथा. मजकुराचा रोख वाचणाऱ्याला बिघडवण्याकडे आहे का, एवढंच कायदा विचारतो. वाचणाऱ्याचं प्रत्यक्षात काय झालं, हे त्याला सिद्ध करावं लागत नाही. आपल्याला लागतं.

म्हणजे गोष्टीत काय आहे, वाचणारी त्यातून काय घेते, आणि तिचे मुलींबद्दलचे-सेक्सबद्दलचे विचार काय आहेत, हे तीन वेगळे प्रश्न आहेत आणि तिन्हींचा डेटा वेगळा. माझ्याकडे फक्त पहिल्याचा होता आणि निष्कर्ष मी तिसऱ्याचा काढून ठेवला होता.

दुसऱ्या प्रश्नासाठी जॅनिस रॅडवेचं 1984 चं ‘रीडिंग द रोमान्स’ वाचाच. तिने अमेरिकेतल्या एका गावातल्या वाचक बायकांनाच विचारलं, आणि उत्तरात कथेइतकंच ‘वाचायला बसणं’ महत्त्वाचं निघालं. पुस्तक हातात आहे तोवर घरच्यांनी मला हाक मारू नये, ही त्यांची स्वतःपुरती सुट्टी होती. आपल्याकडे राधिका परमेश्वरन यांनी हैदराबादच्या कॉलेजमधल्या मुलींशी ‘मिल्स अँड बून’बद्दल बोलून असंच काम केलं. मुली या पुस्तकांतून इंग्रजीही सुधारत होत्या आणि घरात कोणी सांगत नाही ते शिकतही होत्या. हे दुसरं कारण महाराष्ट्रात फार गंभीर आहे, कारण 2007 मध्ये आपल्या राज्याने शाळांमधला किशोरवयीन शिक्षण कार्यक्रमच थांबवला होता. वर्गात जे बोलायचं नाही, ते मुलं कुठून तरी वाचणारच.

माझी मावसबहीण घणसोलीला राहते, बारावीत आहे, ट्रेनमध्ये उभ्या उभ्या असल्या कथा वाचते. तिला विचारलं, तर म्हणाली, “अगं ताई, असा हिरो गोष्टीत चालतो. खरा असा निघाला तर ब्लॉक करेन.” मी खूश! मॅडम नाही. एक बहीण म्हणजे सॅम्पल नव्हे, आणि ताईला काय ऐकायला आवडेल हे तिला पक्कं माहीत आहे.

अजून एक गोष्ट माझ्याकडून सुटली होती. मी मुलांना वगळलंच होतं. मिलिंद बोकिलांची ‘शाळा’ घ्या. आणीबाणीतलं गाव, नववीचा वर्ग, आणि सगळी गोष्ट मुकुंद जोशीच्या तोंडून. शिरोडकर आपल्याला दिसते ती त्याच्या नजरेतून, तिच्या मनात काय आहे याचा अंदाज तोच बांधतो. हे पुस्तक मला अतिशय आवडतं. तरीही चौदा वर्षांचा मुलगा आणि चौदा वर्षांची मुलगी ते सारखंच वाचतील का? मुलींबद्दलचे दृष्टिकोन मुलांचेही असतात आणि मुलींचेही. शीर्षकात फक्त मुली घातल्या की आपणही ‘मुलींना सांभाळा’वाल्यांच्या रांगेत जाऊन उभे राहतो.

तिसऱ्या प्रश्नासाठी लीना अब्राहम यांचा 2002 चा लेख माझ्या टेबलावर कायम असतो. मुंबईतल्या कमी उत्पन्न गटातल्या कॉलेज विद्यार्थ्यांमध्ये त्यांना नात्यांचे तीन प्रकार सापडले: भाई-बहन, ट्रू लव्ह आणि टाइमपास. ही नावं मुलामुलींच्या बोलण्यातली आहेत. तुमच्या प्रश्नावलीत ‘विवाहपूर्व संबंधांविषयी आपले मत’ असं लिहिलंत, तर उत्तरही नागरिकशास्त्राच्या पेपरासारखंच येईल.

आता जिथे मी खरंच अडकले ते. अठरा वर्षांखालच्यांशी बोलायचं तर पालकांची संमती हवी आणि आयसीएमआरच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे 12 ते 18 वयाच्या मुलांची स्वतःचीही लेखी तयारी हवी. इथवर फॉर्मचं काम आहे. पण पॉक्सो कायद्यात अठराखालच्या व्यक्तीची संमती धरलीच जात नाही आणि कलम 19 नुसार गुन्ह्याची माहिती असलेल्या प्रत्येकाला ती कळवावी लागते. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. समजा, सोळा वर्षांच्या मुलीने विश्वासाने तिचं आणि तिच्या बॉयफ्रेंडचं सांगितलं. मी गुप्ततेचं वचन दिलेलं असेल तर एक तर वचन मोडणार, नाही तर कायदा. म्हणून माहितीपत्रकात गुप्ततेची ही मर्यादा आधीच आणि साध्या मराठीत लिहावी लागते.

मग मी मुलाखतीचं गाइडच बदललं. आता तिच्याबद्दल एकही प्रश्न नाही. अर्ध्या पानाची गोष्ट देते: तो तिच्या क्लासबाहेर रोज उभा राहतो, ती नाही म्हणते, तो उद्या पुन्हा येतो. पुढे काय होईल? तिच्या मैत्रिणी काय म्हणतील? त्याच्या जागी मुलगी असती तर? जी प्रेमकथा मी आरोपी म्हणून उभी केली होती, तिच्याच साच्यातली गोष्ट आता माझं साधन झाली आहे. यातून ‘परिणाम’ सिद्ध होणार नाही, तो शब्द शीर्षकातून गेला. आता तिथे ‘वाचन आणि अर्थ’ आहे, आणि एथिक्स कमिटीची तारीख पुढच्या महिन्यात.